दहापैकी चार गोल : आसगावचे नेव्हिल डिसोझा

ऑलिम्पिक स्पर्धेतील भारताच्या फुटबॉलचा हिशेब फार मोठा नाही. १९४८ ते १९६० या काळात भारत चार वेळा ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि एकूण आठ सामने खेळला. त्यांपैकी सहा हरला, एक बरोबरीत सोडवला आणि एक जिंकला. या आठ सामन्यांत भारताच्या खेळाडूंनी मिळून दहा गोल केले. १९६० नंतर भारताला ऑलिम्पिकची पात्रता मिळालेली नाही, त्यामुळे हा हिशेब तिथेच थांबलेला आहे. या दहापैकी चार गोल एकाच खेळाडूचे आहेत आणि एकमेव विजयातील पहिले तीनही त्याचेच. तो खेळाडू बार्देश तालुक्यातील आसगावचा होता. नाव नेव्हिल डिसोझा.

गोव्यात फुटबॉलवर बोलणारी माणसे वाड्यावाड्यावर भेटतात. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो ही नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. नेव्हिल डिसोझा यांचे नाव मात्र जुन्या पिढीच्या बाहेर फारसे ऐकू येत नाही. जागतिक पातळीवर सर्वांत मोठी कामगिरी करणारा हा गोमंतकीय फुटबॉलपटू आपल्याच स्मरणातून कसा निसटला, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या खेळाबरोबरच त्यांचा काळही पाहावा लागतो.

शिवोलीच्या शेजारचे गाव

नेव्हिल स्टीफन जोझेफ डिसोझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी आसगाव येथे झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज राजवटीखाली होता. लिस्बनमध्ये सालाझार यांनी त्याच वर्षी पंतप्रधानपदाची सूत्रे हाती घेतली होती. त्यांच्या एकतंत्री कारभाराची झळ पुढे तीन दशके गोमंतकीयांना सोसावी लागली.

आसगाव आणि फुटबॉल यांचे नाते भूगोलानेच जुळवून दिले होते. गोव्यात फुटबॉल आला तो शेजारच्या शिवोलीत. विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी १८८३ मध्ये शिवोलीला येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या मुलांना या खेळाची गोडी लावली, असा इतिहास सांगितला जातो. पुढे त्यांनी हडफडे येथे सेंट जोझेफ शाळा उभी केली आणि शाळेबरोबर खेळही रुजला. चर्चसमोरचे मोकळे आवार, भातकापणीनंतर उघडी पडलेली शेते आणि सायंकाळचे दोन तास एवढ्या भांडवलावर बार्देश आणि सासष्टीत फुटबॉल वाढला. नेव्हिल यांचा जन्म झाला, तेव्हा या परंपरेला पन्नास वर्षे होत आली होती.

परंतु गावात खेळ होता, तरी खेळाडूला पुढे जायला वाट नव्हती. वसाहतीच्या त्या लहानशा प्रदेशात उद्योग नव्हते, नोकऱ्या नव्हत्या आणि खेळाडूला पोसणाऱ्या संस्थाही नव्हत्या. वास्को स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५१ ची, तर साळगावकर क्लबची १९५६ ची. गोव्यातील फुटबॉलची मध्यवर्ती संघटना १९५९ मध्ये उभी राहिली. नेव्हिल यांच्या उमेदीच्या काळात यांतले बहुतेक काही अस्तित्वात नव्हते. शिक्षण असो, पोट असो वा खेळ, गोमंतकीयाची वाट मुंबईकडेच जात होती. नेव्हिलही त्याच वाटेने गेले आणि त्यांचा खेळ मुंबईच्या मैदानांवर घडला.

मुंबईतले गोंय

त्या काळातील मुंबईत एक छोटा गोवाच वसला होता. धोबीतलाव, माझगाव, काव्हेल या भागांत गावोगावच्या कुडी होत्या. एका मोठ्या खोलीत भिंतीलगत मांडलेल्या पेट्या, एका कोपऱ्यात वेदी, सायंकाळी तेर्स आणि खिशाला परवडेल असे भाडे, असा या कुडींचा संसार असे. बोटीवर जाणारा खलाशी, हॉटेलातील स्वयंपाकी, बँडमध्ये वाजवणारा कलाकार आणि कचेरीतला कारकून अशा सगळ्यांना या कुडींनी आधार दिला. संगीताप्रमाणेच खेळाच्या मैदानावरही या मुंबईकर गोमंतकीयांनी आपला ठसा उमटवला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते आणि ते मुंबईच्याच मैदानांवर तयार झाले होते.

फुटबॉलसाठी मुंबईत कुपरेज होते. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषक म्हणजे मुंबईच्या फुटबॉलचा वार्षिक उत्सव होता. हैदराबाद आणि कलकत्त्याचे बलाढ्य संघ या स्पर्धेसाठी मुंबईत येत. वर्षभर हारवूड लीगचे सामने चालत. गिरण्या, बँका, तेल कंपन्या आणि मोठ्या उद्योगसमूहांचे संघ त्यांत उतरत. खेळातून पगार मिळावा अशी पद्धत अजून आलेली नव्हती. कंपनी खेळाडूला नोकरी देई, सरावासाठी सवलत देई आणि खेळाडू कंपनीचा सदरा घालून मैदानात उतरे. निवृत्तीनंतर तोच खेळाडू त्याच कंपनीत टेबलापाशी बसे.

नेव्हिल डिसोझा यांचे नाव जोडले गेले ते टाटा स्पोर्ट्स क्लबशी. आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा सेंटर फॉरवर्ड ही त्यांची जागा होती. त्या काळच्या रचनेत पाच आघाडीपटू असत. दोन्ही बगलांवरून धावणारे खेळाडू चेंडू आत पाठवत आणि तो गोलजाळ्यात धाडण्याचे काम सेंटर फॉरवर्डचे असे. ही जागा वरवर सोपी दिसते, पण तिथे उभे राहणाऱ्याला नव्वद मिनिटे प्रतिस्पर्ध्याच्या दोन-तीन बचावपटूंचा पहारा सहन करावा लागतो. त्यातून मिळालेल्या एका क्षणाचे सोने करावे लागते. संधी हुकली तर दोष त्याचाच. नेव्हिल यांनी या जागेवर मुंबईत आपली हुकमत सिद्ध केली.

१९५४ मध्ये मुंबईने संतोष चषक जिंकला. राष्ट्रीय विजेतेपदाची ही स्पर्धा १९४१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईला मिळालेले हे पहिले यश होते. नेव्हिल हे या काळातील मुंबईच्या आघाडीफळीचा कणा होते. बंगाल आणि हैदराबाद यांचे वर्चस्व असलेल्या भारतीय फुटबॉलमध्ये मुंबईच्या खेळाडूकडे निवडकर्त्यांचे लक्ष वेधले गेले, त्यामागे अशा कामगिरीचा मोठा वाटा होता.

सीमेच्या दोन बाजू

नेव्हिल यांचा खेळ बहरत असतानाच त्यांच्या जन्मभूमीत मोठ्या घडामोडी चालल्या होत्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या कानाकोपऱ्यातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमेवरून आत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि अनेकांना हौतात्म्य आले. त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील दारे एकेक करून बंद झाली. मुरगावहून कॅसलरॉकमार्गे चालणारी रेल्वे वाहतूक थांबली. मुंबई आणि पणजी यांना जोडणारी आगबोट बंद झाली. मुंबईतून घरी पैसे पाठवण्यावर निर्बंध आले आणि गावी जायला परवाने लागू लागले. आई-वडिलांचे आजारपण असो की गावचे फेस्त असो, मुंबईतील गोमंतकीयाला पूर्वीसारखे सहज उठून निघणे शक्य राहिले नाही.

या ताणाच्या दिवसांत, १९५६ साली, आसगावात जन्मलेला एक तरुण भारताच्या ऑलिम्पिक संघात निवडला गेला. ज्या मातीत तो जन्मला, तिथे पोर्तुगालचा झेंडा फडकत होता आणि त्याच्या अंगावर भारताचा सदरा होता. गोवा भारताचा भाग कधी होणार, हे त्या वेळी कुणालाच सांगता आले नसते. भारताच्या वतीने मैदानात उतरलेल्या गोमंतकीय खेळाडूंनी त्याचे उत्तर आपापल्या परीने आधीच देऊन ठेवले होते. राजकीय इतिहास लिहिताना ही बाजू बहुधा सुटून जाते.

रहीम यांची शाळा

भारताच्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेल्या या माणसाने भारतीय फुटबॉलला शिस्त आणि विचार दिला. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता. ती किमया मुंबईच्या खेळाडूंनी कुपरेजवर डोळ्यांनी पाहिली होती. १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १–० असे नमवून सुवर्णपदक मिळवले होते.

मात्र, ऑलिम्पिकची आठवण कडू होती. १९४८ मध्ये लंडनला भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सकडून १–२ असा निसटता पराभव झाला. त्या पराभवाचेही कौतुक झाले. १९५२ मध्ये हेलसिंकीला मात्र कौतुकाला जागा उरली नाही. युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे धुळीस मिळवले. अनवाणी खेळाचे दिवस संपले, हे त्या सामन्याने सर्वांना पटवले आणि भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. १९५६ चा संघ हा बूट घालून, नव्या पद्धतीने तयार झालेला संघ होता. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी होते. उजव्या बगलेवर तरुण पी. के. बॅनर्जी होते, आघाडीत किट्टू या नावाने ओळखले जाणारे जे. कृष्णस्वामी होते, गोलरक्षकांमध्ये पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण होते. हैदराबादच्या खेळाडूंचा मोठा भरणा असलेल्या या संघात सेंटर फॉरवर्डची जागा नेव्हिल डिसोझा यांच्याकडे आली.

१ डिसेंबर १९५६

मेलबर्नचे ऑलिम्पिक जगाच्या अशांततेत पार पडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले होते. अनेक देशांनी स्पर्धेतून माघार घेतली. फुटबॉलमध्ये शेवटी ११ संघ उरले. भारताची पहिली गाठ १९५२ च्या विजेत्या हंगेरीशी पडायची होती. हंगेरीचा संघ आला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली.

उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. जपानला २–० असे हरवून हा संघ आलेला होता, मैदान त्याचे होते, प्रेक्षक त्याचे होते. १ डिसेंबर रोजी ऑलिम्पिक पार्क मैदानावर सामना सुरू झाला आणि नवव्याच मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतराला २–२ असा फलक होता. दोन वेळा आघाडी घेऊन दोन्ही वेळा ती गमावलेल्या संघाचा धीर अशा वेळी खचतो. यजमान संघाला प्रेक्षकांचा जोर मिळतो आणि उत्तरार्धात सामना फिरतो.

त्या दिवशी तसे झाले नाही. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटेही पुरती उलटली नव्हती, तोच नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना ४–२ असा जिंकला. आशियातील एखादा संघ ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. नेव्हिल तेव्हा २४ वर्षांचे होते.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, उपांत्य फेरीत युगोस्लाव्हिया समोर आला. चारच वर्षांपूर्वी भारतावर दहा गोल चढवणारा हा देश. मध्यंतरापर्यंत भारताने त्याला एकही गोल करू दिला नाही. उत्तरार्धात नेव्हिल यांनी गोल करून भारताला आघाडीवर नेले. ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारत पुढे होता. ही स्थिती काही मिनिटेच टिकली. पापेच आणि वेसेलिनोविच यांनी पाठोपाठ गोल केले, पापेच यांनी आणखी एक भर घातली आणि शेवटी भारताच्याच बचावपटूकडून स्वयंगोल झाला. सामना १–४ असा गेला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३–० अशी मात केली आणि भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

स्पर्धा संपली, तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तीन नावे शिखरावर होती. युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचे दिमितर मिलानोव आणि भारताचे नेव्हिल डिसोझा. प्रत्येकाचे चार गोल. जागतिक दर्जाच्या स्पर्धेतील गोलांच्या यादीत भारतीय खेळाडूचे नाव अग्रस्थानी झळकण्याचा हा प्रसंग भारतीय फुटबॉलच्या इतिहासात एकमेव आहे.

कीर्ती का निसटली?

एवढी कामगिरी करूनही नेव्हिल डिसोझा घराघरात पोहोचले नाहीत. याची कारणे शोधली, तर एकही कारण त्यांच्या खेळात सापडत नाही. सगळी कारणे मैदानाबाहेरची आहेत.

पहिले कारण हॉकीचे. बल्गेरियाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, भारतीय हॉकी संघाने मेलबर्नमध्येच पाकिस्तानला १–० असे नमवून सलग सहावे सुवर्णपदक जिंकले. सुवर्णाच्या झळाळीपुढे चौथे स्थान कोण लक्षात ठेवणार? आज चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय खेळाडूचेही देश भरभरून कौतुक करतो. त्या काळी पदक नसले की परतीचा प्रवास निमूटपणे होत असे.

दुसरे कारण सन्मानांचे. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. फुटबॉलमधील पहिला अर्जुन पुरस्कार मेलबर्नच्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना मिळाला आणि पुढे त्याच पिढीतील तुलसीदास बलराम, पीटर थंगराज यांनाही तो लाभला. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत आले नाही. सरकारी सन्मान हा कामगिरीचा एकमेव मापदंड नव्हे. परंतु अशा याद्यांतूनच पुढच्या पिढ्यांना नावे कळतात. यादीत नसलेला माणूस पाठ्यपुस्तकात येत नाही, सभागृहातल्या तसबिरीत येत नाही आणि हळूहळू बोलण्यातूनही जातो.

तिसरे कारण खेळानंतरच्या आयुष्याचे आहे, आणि त्यासाठी मेलबर्नच्या गोलयादीतील त्यांच्या जोडीदाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. वेसेलिनोविच यांनी १९५४ आणि १९५८ च्या विश्वचषकांत युगोस्लाव्हियाचे प्रतिनिधित्व केले आणि मग ते प्रशिक्षक झाले. कोलंबिया आणि युगोस्लाव्हिया या राष्ट्रीय संघांना त्यांनी घडवले. तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला त्यांनी १९८९ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि त्या मोसमात संघाने शंभराहून अधिक गोल केले. आघाडीपटू प्रशिक्षक झाला की त्याला दुसरे आयुष्य मिळते. त्याचे नाव वर्तमानपत्रात येत राहते, त्याच्या हाताखाली घडलेले खेळाडू त्याच्या आठवणी सांगतात. भारतातही पी. के. बॅनर्जी यांना हे भाग्य लाभले. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांना त्यांनी यश मिळवून दिले, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद भूषवले आणि शेवटपर्यंत ते फुटबॉलविश्वाच्या केंद्रस्थानी राहिले.

मुंबईतील कंपनीच्या संघांतून खेळणाऱ्या पिढीला असे दुसरे आयुष्य क्वचितच लाभले. कलकत्त्यात क्लब ही लाखो लोकांची अस्मिता होती. निवृत्त खेळाडूलाही तिथे क्लबच्या आवारात मान असे. मुंबईत खेळाडूची ओळख कंपनीशी बांधलेली होती आणि मुंबईचे मन क्रिकेटकडे झुकत चालले होते. खेळ थांबला की खेळाडू गर्दीत मिसळून जाई. नेव्हिल यांचे नाव इतिहासात राहिले ते खेळाडू म्हणून, चार गोलांचा धनी म्हणून.

गोव्याचे कारण

चौथे कारण आपल्या घरचे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा मेलबर्नच्या त्या सामन्याला पाच वर्षे उलटून गेली होती. मुक्तीनंतर गोव्याचा फुटबॉल झपाट्याने उभा राहिला. साळगावकर, धेंपो, वास्को, सेझा या क्लबांनी खाण उद्योगाच्या पाठबळावर खेळाडूंना गावातच नोकरी आणि मैदान दिले. मुंबईच्या वाटेला लागलेले पाय परत फिरले. कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रँको हे याचे ठळक उदाहरण. तेही टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू. गोवामुक्तीनंतर नऊ महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९६२ मध्ये, जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या रहीम यांच्या संघात ते होते. पुढे ते गोव्यात साळगावकर संघाकडून खेळले आणि गोव्याने त्यांना आपले म्हणून ओळखले.

नेव्हिल यांच्या बाबतीत काळाची गणिते जुळली नाहीत. त्यांची उमेदीची वर्षे गोव्याबाहेर सरली. त्यांच्या नावापुढे कागदोपत्री मुंबई लिहिली गेली. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास आपण बहुधा मुक्तीनंतरच्या क्लबांपासून किंवा राज्य संघाच्या विजयांपासून सांगायला लागतो. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसह संतोष चषक संयुक्तपणे जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो स्वबळावर पटकावला, तेव्हा साऱ्या गोव्याने जल्लोष केला. हा जल्लोष पाहायला नेव्हिल डिसोझा नव्हते. १७ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

इतिहासाची अशी सुरुवात करण्यात एक अन्याय दडलेला आहे. मुक्तीपूर्वी ज्यांना पोटासाठी आणि खेळासाठी गाव सोडावे लागले, त्यांची कामगिरी त्या हिशेबात धरली जात नाही. मुंबईच्या कुडींतून आणि कचेऱ्यांतून आलेली ती पिढी गोव्याचीच होती. शिवोलीत लावलेल्या रोपाला पहिले मोठे फळ आले ते मेलबर्नमध्ये, एवढाच काय तो फरक.

मुंबईने आपल्या परीने हे ऋण मान्य केले आहे. वांद्रे येथील मुंबईच्या फुटबॉल संघटनेचे मैदान नेव्हिल डिसोझा यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे दर मोसमात लीगचे सामने होतात आणि सामन्यांच्या बातम्यांतून त्यांचे नाव रोज छापून येते. त्या मैदानावर धावणाऱ्या किती मुलांना हा माणूस बार्देशच्या एका गावातला होता हे ठाऊक असेल, असा प्रश्न मनात येतो. तोच प्रश्न म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर सराव करणाऱ्या आपल्या मुलांबाबतही विचारता येईल. आसगाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

फुटबॉल हा गोव्याचा राज्यक्रीडाप्रकार आहे. २०३१ मध्ये मेलबर्नच्या त्या विजयाला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होतील आणि २०३२ मध्ये नेव्हिल डिसोझा यांच्या जन्माला शंभर वर्षे होतील. त्यांच्याबरोबर मैदानात उतरलेली पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांना कुपरेजवर खेळताना पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. जुन्या पेट्यांतील छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, संघांच्या नोंदवह्या आणि या वृद्धांच्या आठवणी गोळा करायच्या असतील, तर हातात फार वेळ उरलेला नाही. शाळेच्या पुस्तकातला एक धडा, आसगावात एक फलक किंवा मुलांसाठी एक स्पर्धा, यांपैकी काहीही अवघड नाही. ऑलिम्पिकमधल्या भारताच्या दहा गोलांपैकी चार आसगावात जन्मलेल्या माणसाचे आहेत, हे पुढच्या पिढीला सांगण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.